अर्ध्या पानाचा शेवट

वयाची अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मी एकही सिनेमा पाहिला नव्हता, आणि तरी शाळेत सिनेमाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझाच असायचा. ज्यांनी सिनेमा प्रत्यक्ष पाहिला होता त्यांचंसुद्धा माझ्यापुढे चालत नसे. याचं कारण आमच्या प्रताप नगरच्या घरात, माझ्या वह्यांच्या कव्हरांत होतं.

माझे बाबा नागपूरला सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळीखाली ओळ लावत पान उभं करायचं, हे त्यांचं काम. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, काढ्याच्या बाटलीवरची लेबलं, जे येईल ते. त्यात शुक्रवारी लागणाऱ्या नव्या सिनेमाचं गाण्यांचं पुस्तकही असायचं. गाणी हिंदीत, पण पहिल्या दोन पानांवर सिनेमाची गोष्ट मराठीत. थेटराबाहेर एक माणूस ते ओरडून विकायचा. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायची आणि खाली ठरलेली ओळ यायची: ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा.’

छपाईत बिघडलेले कागद बाबा घरी आणायचे. शाई फासलेले, तिरके गेलेले, एकाच बाजूनं छापलेले. जूनमध्ये त्यांची आमच्या वह्यापुस्तकांना कव्हरं चढायची, छापलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. उरलेल्या कागदांवर आम्ही गणितं करायचो. बाकीच्या पोरींच्या भूगोलाला तपकिरी कागद असायचा. माझ्या भूगोलाच्या पोटात खलनायक असायचा.

पडद्यावर पाहा म्हणे. पाहणार कुठून? छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून देव गेले आणि त्यांच्या कोनाड्यात पुस्तकं आली, आणि ही पुस्तकं देवांपेक्षा फार कडक निघाली. देवाची निदान जत्रा तरी असते. पुस्तकांपुढे सकाळ-संध्याकाळ नुसतं बसावं लागायचं. बाबांचा सिनेमावर तसा राग नव्हता. त्यांचा हिशेब वेगळा होता. “तीन घंटे अंधारात बसाचं, अन् बाहीर येऊन पाहाचं तं तेच घर, तेच दार. तेवढ्यात तुयं बीजगणिताचं एक प्रकरण होते ना वं,” असं म्हणून ते सायकलला टांग मारायचे.

बाबांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. ते म्हणायचे, “मी वाचत नाही. मी जुळवतो.” त्यांचं शास्त्र असं की खिळे जुळवणारा अर्थाच्या नादी लागला की मेला. मन पुढं धावतं, हात मागं राहतो आणि अक्षर गळतं. म्हणून ते मजकूर वाचायचेच नाहीत, एकेक अक्षर नुसतं पाहायचे. त्यांनी एकदा आपल्याच चुलतभावाची लग्नपत्रिका लावली होती, आणि निमंत्रण घरी आलं तेव्हा आईला विचारलं होतं, “काहून, याचं लगन ठरलं का?” छापखान्यात ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जायची, धडा म्हणून.

तर हाताशी अर्धी गोष्ट, आणि पडदा बंद. मग पुढचं मीच लिहायला लागले, त्याच बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर. आठवीपासून मला हे व्यसन लागलं. हल्ली माझी भाची तिच्या आवडत्या जपानी कार्टूनचे शेवट बदलून कॉम्प्युटरवर टाकते, आणि जगभरातून लोक तिला शिव्या नाहीतर शाबासकी पाठवतात. या प्रकाराला एक इंग्रजी नावही आहे, असं तिनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. आमच्या घरी त्याला कागद वाया घालवणं म्हणायचे.

शिव्या आणि शाबासकी मात्र मलाही मिळायची. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं माझ्या शेवटांचं वाचन व्हायचं. श्रोत्यांचे नियम फार कडक होते. नायक मरता कामा नये, आणि मारायचाच असेल तर त्याला आधीपासून एक जुळा भाऊ पाहिजे. नायकाच्या आईचे डोळे गेले असतील तर ते शेवटापर्यंत परत आलेच पाहिजेत. एका पोरीच्या आवडत्या नटाला मी सात वर्षं तुरुंगात धाडलं, तर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी चिंचा घेऊन आली आणि म्हणाली, “दोनच वर्षं कर ना वं. त्याची तब्येत नाजूक हाय.” मी चिंचा खाल्ल्या आणि शिक्षा कमी केली.

आमच्या वर्गात रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची मुलगी होती. तिच्या घरचे लोक दर रविवारी बाल्कनीत बसून नवा सिनेमा पाहायचे. सोमवारी ती वर्गात येऊन सांगायची, “असं नाहीये. तो मरत नाही, फक्त पाय तुटतो.” वर्ग माझ्याकडे पाहायचा. मी म्हणायचे, “मग त्यांनी चुकीचं दाखवलं.” आणि वर्ग माझ्या बाजूनं व्हायचा. जिनं पाहिलं ती एकटी आणि जिनं पाहिलं नाही तिच्यामागे सगळं गाव, असा प्रकार नंतर मी फक्त निवडणुकीत पाहिला. मला तिच्याबद्दल वाईट वाटत नसे. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

मॅट्रिकच्या वर्षी एक सिनेमा आला. त्याच्या पुस्तकाचा बिघडलेला कागद बाबांनी घरी आणला तेव्हा अजून सगळं पुस्तक छापून व्हायचं होतं. गोष्ट अशी होती. एका गरीब मास्तराची मुलगी मोठ्या घरची सून होते. बिदाईच्या वेळी बाप गाणं म्हणतो आणि रडतो. पुढं सासूचा हिऱ्यांचा हार चोरीला जातो, आळ सुनेवर येतो, नवरा खाली मान घालून उभा राहतो आणि तिला घराबाहेर काढतात. इथं ती ठरलेली ओळ होती.

मला त्या नवऱ्याचा असा संताप आला की मी त्याच संध्याकाळी, बीजगणिताच्या वेळात, शेवट लिहून टाकला. हार नणंदेच्या पेटीत सापडतो. नवरा मोटार घेऊन तिला न्यायला येतो. ती म्हणते, “हार शोधायला दहा माणसं लागली होती. मला शोधायला कोणी आलं नाही.” मग ती त्याच्या हातावर मंगळसूत्र ठेवते, दूरच्या गावी मुलींच्या शाळेत नोकरी धरते आणि गाडीत बसते. शेवटचं वाक्य होतं, ‘गाडी सुटली आणि तिने मागे वळून पाहिले नाही.’ एवढं सगळं अर्ध्याच पानात बसवावं लागलं, कारण कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर शाई फासली होती. या शेवटावर मी इतकी खूश होते की तो तोंडपाठ केला. दुसऱ्या दिवशी कागद सापडेना. आईनं सिगडी पेटवायला घेतला असेल म्हणून मी गप्प बसले. तोंडपाठ होताच.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांची मुलगी वर्गात आली ती धापा टाकतच. आदल्या दिवशी ती तीनच्या खेळाला गेली होती, आणि थेटरात गोंधळ झाला होता.

झालं होतं असं. बायकांनी बाहेर गाण्याचं पुस्तक घेतलं, मध्यंतरात वाचलं, आणि या खेपेला त्यात चक्क शेवट छापलेला होता. सिनेमा संपला. पडद्यावर सून सासूच्या पाया पडली, सासूनं तो हार तिच्याच गळ्यात घातला, सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. दिवे लागले. खालच्या, स्वस्त तिकिटाच्या बायका जागच्या हलल्या नाहीत.

आता इथं नागपूरकरांचा स्वभाव सांगायला पाहिजे. थेटरवाले पुढचा खेळ वेळेवर लावायला रीळ कापतात, हा संशय आमच्याकडे जन्मजात असतो. गाणं आखूड वाटलं की रीळ कापलं, मारामारी लवकर संपली की रीळ कापलं. आणि इथं तर पुरावा हातात होता, छापील.

दारावरचा माणूस म्हणाला, “बाई, पिक्चर खतम हुआ.”

पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, “खतम काहून होईन? मास्तरीण कुठी झाली ते?”

मॅनेजर आला. त्यानं हात जोडून सांगितलं की शेवट हाच आहे, सून पाया पडते.

“पाया पडली ते आमी पाहिलं,” बाई म्हणाली. “त्याच्यानंतरचं दाखवा. हे काय, छापून हाय ना. छापणारा का येडा हाय?”

मग तिनं उभं राहून माझा अर्ध्या पानाचा शेवट मोठ्यानं वाचून दाखवला. वाचन संपल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या, असं डॉक्टरांची मुलगी म्हणाली, आणि हे सांगताना तिचा आवाज दुखावलेला होता. मॅनेजरनं घाबरून शेवटचं रीळ पुन्हा दाखवलं. पुन्हा सून पाया पडली. तेव्हा मात्र खुर्च्या वाजायला लागल्या.

“आणि काय लिहिलं होतं माहितीये?” ती म्हणाली. “हार शोधायला दहा माणसं लागली होती...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. ते पुस्तक तिनं दप्तरात आणलं होतं, पण पहिल्याच तासाला ते बाकांवरून फिरताना बाईंनी पकडलं आणि जप्त केलं. त्यामुळे माझं पहिलंवहिलं छापील लिखाण मी पाहू शकले नाही.

घरी आले तर बाबांची सायकल भिंतीला टेकलेली होती. दिवेलागणीच्या आधी ती सायकल मी कामाच्या दिवशी कधी पाहिली नव्हती. आई दारातच होती. “मालकानं घरी बसाले सांगतलं,” ती म्हणाली. “इतके वर्सं झाले, एक अक्षर चुकलं नाही याइचं. अन् आता म्हणते का थेटरवाला केस करून राहिला.”

बाबांची नोकरी गेली की माझं पुढचं शिकणं गेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण त्या क्षणी मला शिकण्याचं काही वाटलं नाही. बाबा चटईवर हात मांडीवर ठेवून बसले होते. ते हात रिकामे होते आणि तेच मला बघवेना.

“बाबा, तो कागद माझा होता,” मी म्हणाले. “पुस्तकातला शेवट. मी लिहिला होता तो.”

“असंन,” बाबा म्हणाले. “मी कुठी वाचतो? एक गाणं कमी आलं, अर्धं पान खाली राहिलं. मालक म्हणे भरून टाक काहीतरी. पिशवीत कागद दिसला, लावला.”

“कमळाचा ठसा हाय ना तुमच्यापाशी?” आई म्हणाली. “जागा उरली का तोच तं लावता दरवेळी.”

बाबांनी पाणी मागितलं. मी पाणी आणलं, बाबा ते सावकाश प्यायले, आणि विषय संपला.

पुढचे आठ दिवस बाबा घरी होते. त्यांना घरी राहता येत नव्हतं. त्यांनी मांडणीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले. चपला एका रेषेत लावल्या. कोनाड्यातली पुस्तकं काढून, पुसून, कडा जुळवून परत ठेवली. आईनं तिखटाचा डबा हातात धरून सांगितलं की आणखी काही जुळवाल तर मी माहेरी जाईन. मी हसले नाही. मला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी मी माझे सगळे शेवट, आठवीपासूनचे, पोत्याच्या सुतळीनं बांधले आणि आईला सिगडीसाठी दिले. जुळे भाऊ, आंधळ्या आया, सुटलेले कैदी, सगळे गेले. सिगडी छान पेटली. आईनं त्यावर भाकरी केल्या.

नवव्या दिवशी मालक स्वतः स्कूटरवर आले. तेव्हा प्रताप नगरला निम्मे प्लॉट रिकामेच होते, स्कूटर येताना लांबूनच धूळ दिसायची. मी आत परडीत आंबाडीची पानं निवडत होते, पण कान बाहेर होते.

“देखो, मी तुले माफ केलं,” मालक म्हणाले.

बाबांनी चटई झटकून टाकल्याचा आवाज आला.

“थेटरवाला काल आला होता. म्हणे अजून पुस्तकं द्या. पब्लिक शांत नाही होऊन राहिली. आज तरी खरा शेवट दाखवते का म्हणून बाया पुन्हा पुन्हा येऊन राहिल्या. पिक्चर उतरवाचं होतं त्याले, आता आणखी एक हप्ता चालवतो म्हणते.”

म्हणजे सिनेमा वाईट होता, शेवट खोटा होता, बायका चिडल्या होत्या, आणि सगळ्यांचं भलं झालं होतं. धंदा कसा चालतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“उद्यापासून ये,” मालक म्हणाले. “अन् तो लिहिणारा कोण हाय? पुढच्या पिक्चरचंही त्याच्याकडून लिहून घे ना गा.”

“जमत नाही,” बाबा म्हणाले. “मॅट्रिक हाय यंदा.”

“मॅट्रिक?” मालक म्हणाले. “कितव्यांदा?”

“पहिल्यांदाच,” बाबा म्हणाले.

मालक जाताना मान हलवत गेले. बाबा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाला गेले. ते मला ना रागावले, ना त्यांनी काही विचारलं. मला वाटलं, नोकरी वाचली म्हणून त्यांनी गिळलं. मी मनात ठरवून टाकलं की आता एक ओळ लिहायची नाही. पोरींनी पाण्याच्या टाकीमागं पुष्कळ गयावया केली. त्या नाजूक तब्येतीच्या नटाची पोरगी तर दोनदा चिंचा घेऊन आली. मी दाद दिली नाही. मग डॉक्टरांच्या मुलीचं राज्य आलं आणि सिनेमा जसा होता तसाच सांगितला जाऊ लागला. तो काळ फार कंटाळवाणा गेला.

मी मॅट्रिक झाले. पुढं अठरा पुरी झाल्यावर शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी चंद्रपूरला निघाले. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा चटईवर बसून माझ्या नव्या रजिस्टरला कव्हर घालत होते. मी म्हणाले, “बाबा, तिथं कोणी वह्यांना कव्हर घालत नाही.” ते म्हणाले, “नसंन घालत.” आणि कागदाची घडी नखानं दाबत राहिले. स्टेशनवर त्यांनी माझी पेटी खिडकीतून आत दिली. गाडी सुटली तेव्हा मी समोरच्या बाईशी जागेवरून भांडत होते.

चंद्रपूरला फार मजा होती. वसतिगृहात घड्याळाशिवाय कोणाचा धाक नव्हता. दुसऱ्या रविवारी पोरींबरोबर मी आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला. शेवट चुकला होता, हे मला तिथंच कळलं, पण मी तोंड मिटून बसले. परत आल्यावर एक पोरगी माझं रजिस्टर उचलून म्हणाली, “हे काय, पहिलीतल्या पोट्टीसारखं कव्हर?” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्यांच्यासमोरच ते कव्हर ओढून काढलं.

आतली बाजू छापलेली होती. सवयीनं मी वाचायला लागले. तो कागद बिघडलेला नव्हता. शाई कुठं फासली नव्हती, ओळी सरळ, चारी बाजूंचा समास सारखा. त्या वर्षीच्या ढिगातून कोणीतरी एक चांगला कागद मुद्दाम काढून ठेवला होता. दहा माणसं, मंगळसूत्र, शाळा, गाडी, सगळं माझंच, शब्दाला शब्द. ‘गाडी सुटली आणि तिने मागे वळून पाहिले नाही.’ इथं माझा शेवट संपत होता. पाठ होता मला तो.

छापलेला संपत नव्हता. खाली आणखी एक ओळ होती. ‘त्या गावी पोचल्यावर तिने सर्वांत आधी आपल्या बापाला पत्र टाकले.’

हे मी लिहिलेलं नव्हतं. सिनेमातला बाप बिदाईचं गाणं म्हणून जो गेला तो पुन्हा कोणालाच आठवला नाही, सिनेमावाल्यांनाही नाही आणि मलाही नाही. एवढी मोठी न्यायाधीश मी, नणंदेपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा निकाल लावला, आणि बाप कुठं राहिला हे विचारलंसुद्धा नाही. मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. पान भरायला एक ओळ कमी पडली असेल, म्हणून हाताला आली ती लावली असेल. पण एका ओळीच्या जागेला त्यांच्याकडे कमळाचा ठसा होता. पूर्ण अर्ध्या पानालाही होता. आईनं तेव्हाच विचारलं होतं, आणि त्यांनी पाणी मागितलं होतं.

मला चंद्रपूरला येऊन अकरा दिवस झाले होते. घरी मी एक अक्षर टाकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी वर्ग बुडवून मी पोस्टात गेले आणि कार्ड घेऊन तिथल्याच बाकावर बसले. इतक्या सिनेमांचे शेवट लिहिले, पण एका कार्डाची सुरुवात जमेना. बऱ्याच वेळानं एवढंच लिहिलं, ‘बाबा, मी पोचली. पत्र टाकाले उशीर झाला.’ खाली अर्धं कार्ड कोरं राहिलं. ते तसंच कसं पाठवायचं म्हणून मी त्या जागेत पेनानं एक कमळ काढलं.